साठीच्या अलीकडचा स्मृतिभ्रंश

मराठी घरात 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण जितक्या सहजतेने उच्चारली जाते, तितक्याच सहजतेने म्हैसूरच्या कन्नड घरात 'अरवत्तक्के अरळु मरळु' असे म्हटले जाते. दोन्ही भाषांनी बुद्धीच्या ऱ्हासाला एकच वय नेमून दिले आहे, आणि ते म्हणजे साठ. या लोकानुभवात तथ्य नाही असे नव्हे. स्मृतिभ्रंशाचे बहुसंख्य रुग्ण वृद्धच असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत शेकडा ७.४ म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार असावा, असा अंदाज निघतो. परंतु या पाहणीची सीमारेषाही साठ हीच होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांची बुद्धी पंचेचाळिसाव्या किंवा बावन्नाव्या वर्षी ढळू लागते, ते या मोजणीत कोठेच येत नाहीत. म्हणीने त्यांना वगळले, शास्त्रीय पाहणीने वगळले, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे कायद्यानेही बव्हंशी वगळले आहे.

यातील विसंगती अशी की, या रोगाचा आधुनिक इतिहास मुळी तरुण रुग्णापासूनच सुरू होतो. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णालयात डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी ज्या स्त्रीला प्रथम तपासले, त्या आउगुस्टे डेटर या बाईंचे वय तेव्हा अवघे ५१ वर्षांचे होते. १९०६ साली त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी आल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले विकृत बदल ट्युबिंगेन येथील सभेपुढे मांडले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला आल्झायमर यांचे नाव दिले, तेही म्हातारचळापासून निराळा असा, वार्धक्यापूर्वीच गाठणारा रोग म्हणून. पुढे सहा-सात दशके हे नाव मुख्यतः अकाली येणाऱ्या रोगापुरतेच वापरले जाई. म्हाताऱ्या माणसाची विस्मृती हा वयाचाच धर्म समजला जात असे. १९७६ साली अमेरिकेतील मज्जारोगतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन्ही रोग वस्तुतः एकच असल्याचे आग्रहाने प्रतिपादन केले, आणि वृद्धांकडे जगाचे लक्ष गेले. ते योग्यच झाले. मात्र ज्यांच्यामुळे रोगाला नाव मिळाले, ते पन्नाशीतले रुग्ण त्यानंतर हळूहळू नजरेआड झाले.

आज वैद्यकात पासष्टीपूर्वी लक्षणे सुरू झाल्यास त्या स्मृतिभ्रंशास अकाली म्हणण्याचा प्रघात आहे. हा एकच रोग नव्हे. आल्झायमरचा रोग त्यात मोठा वाटेकरी असला, तरी त्याचे जे आडवळणी प्रकार वृद्धांत क्वचितच दिसतात, ते या वयात अधिक प्रमाणात आढळतात. मेंदूचा अग्रखंड व शंखखंड झिजविणारा एक वर्ग आहे. त्यात स्मरण बराच काळ शाबूत राहते, पण स्वभाव पालटतो. संकोच, माया, तारतम्य हे गुण एकेक करून गळून पडतात. दुसऱ्या प्रकारात भाषाच आधी जाते. अमेरिकेतील मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ साली सहा रुग्णांचे वर्णन करून हा वाढता वाचाघात वैद्यकाच्या नजरेस आणला. हॉलिवूडचे नट ब्रूस विलिस यांना वाचाघात झाल्याचे २०२२ साली जाहीर झाले व पुढच्या वर्षी त्याचे मूळ अग्र-शंखखंडाच्या झिजेत असल्याचे कळले, तेव्हा वृत्तपत्रांच्या सामान्य वाचकालाही या रोगाचे नाव माहीत झाले. तिसरा प्रकार मेंदूच्या मागील भागाचा. त्यात डोळे निरोगी असूनही दृष्टीचा अर्थ लागत नाही. जिन्याची पायरी कोठे संपते ते उमगत नाही, पानावरची ओळ निसटते. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना २००७ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, हाच प्रकार झाल्याचे निष्पन्न झाले होते.

येथे आपल्या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे. तो सोज्वळ आहे, रोग्याचा अपमान करीत नाही. पण तो वाट चुकवतो. ज्याची स्मृती ठणठणीत आहे, ज्याला कालचे जेवण आणि वीस वर्षांपूर्वीचे लग्न दोन्ही आठवते, त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे असे घरच्यांना सांगितले, तर त्यांना ते पटावे कसे? पुष्कळ कुटुंबांची पहिली दोन-तीन वर्षे या एका शब्दामुळे वाया जातात. अधिक चांगला शब्द सापडेपर्यंत हाच वापरणे भाग आहे. मात्र तो वापरताना प्रत्येक वेळी हा खुलासा जोडावा लागेल.

या विलंबाची किंमत रुपयांत मोजावी लागते. एखादा पन्नाशीचा सरकारी लेखापाल कल्पनेत घ्यावा. वीस-पंचवीस वर्षे ज्याच्या हिशेबात पैचा फरक पडला नाही, तो आता बेरजा चुकवतो, बैठकीत वरिष्ठांना तोंडावर अपशब्द बोलतो, दुपारी न सांगता निघून जातो, मिठाईच्या दुकानापुढे ताटकळत उभा राहतो, आणि घरी कोणालाही न विचारता कर्जाने वस्तू आणतो. कचेरी त्याला बेजबाबदार म्हणते. पत्नीला व्यसनाचा किंवा परस्त्रीचा संशय येतो. नातलग देवऋषी सुचवतात. फॅमिली डॉक्टर नैराश्यावर गोळ्या देतात, आणि त्यांना फारसा दोष देता येत नाही, कारण पन्नाशीत स्मृतिभ्रंशापेक्षा नैराश्य पुष्कळच अधिक आढळते. मग कारणे दाखवा नोटीस निघते, विभागीय चौकशी बसते, आणि अखेरीस तो स्वतःच, किंवा अब्रूला भिणारे कुटुंब त्याच्याकडून, राजीनामा लिहून देते. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मेंदूचे चित्र काढले जाते व निदान होते.

हा क्रम उलटा असता तर काय झाले असते? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या विसाव्या कलमात स्पष्ट तरतूद आहे की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कोणतीही शासकीय आस्थापना सेवेतून दूर करू शकणार नाही किंवा त्याचा दर्जा कमी करू शकणार नाही. जुने काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यावयाचे. तसे पद नसेल, तर योग्य पद रिकामे होईपर्यंत अथवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. अशी ढाल जवळ असताना कुटुंब ती वापरू शकत नाही, कारण ढाल सेवेत असलेल्यासाठी आहे आणि माणूस निदानापूर्वीच सेवेबाहेर गेलेला असतो. म्हणून एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. चाळिशी-पन्नाशीतील, पूर्वी चोख असलेल्या माणसाचे वर्तन वा काम अकारण बिघडू लागले, तर मज्जारोगतज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत त्याचा राजीनामा घेऊ नये आणि देऊही नये. प्रत्येक कचेरीच्या आस्थापना शाखेला एवढी सूचना धाडण्यास शासनाला काही खर्च येणार नाही.

अर्थात ही तरतूद खाजगी कारखाने व दुकाने यांना लागू नाही. शिवाय अधिनियमाच्या परिशिष्टातील एकवीस अपंगत्वांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचे नाव नाही. त्याला मनोविकार, दीर्घकालीन मज्जाविकार किंवा वाचा-भाषा-दोष यांपैकी कोणत्या तरी सदरात बसवून घ्यावे लागते. वाचाघात हा शब्द मात्र त्या परिशिष्टात आहे, आणि ज्याची भाषा प्रथम गेली त्याला त्या दारातून प्रवेश मिळू शकतो. उलट, वृद्धांसाठी असलेल्या सोयींची दारे त्याला बंदच. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आणि वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम, या दोहोंचा उंबरठा साठीचा आहे. बावन्न वर्षांच्या रुग्णाने आणखी आठ वर्षे कळ काढावी, असेच जणू शासन त्याला सांगते.

मालमत्तेचा प्रश्न याहून बिकट आहे. बहुतेक कुटुंबांची समजूत अशी की, मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे पुढची काळजी मिटली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २०१ वे कलम सांगते की, मुखत्यार नेमणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची व प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली आहे. परंतु ती उपचारांपुरती आहे. बँकेतील खाते किंवा घराचे कर्ज तिच्या कक्षेत येत नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण शुद्धीत असताना ज्याला नेमील, त्याचा अधिकार त्याची बुद्धी ढळल्यानंतरही टिकेल असे मुखत्यारपत्र कायद्याने मान्य केल्यावाचून ही अडचण सुटणार नाही. तोपर्यंत खाती संयुक्त करणे, वारस नोंदविणे, मृत्युपत्र करणे ही कामे निदानानंतरच्या पहिल्याच महिन्यांत, रुग्णाच्या संमतीने व साक्षीने उरकून घेतलेली बरी.

आता म्हैसूरकडे वळू. (२०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसूरु असे आहे, परंतु मराठी वाचकाला जुनेच अधिक परिचित.) बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था येथून सुमारे १४० किलोमीटरवर आहे, आणि कठीण निदानासाठी रुग्ण तेथे जातात. तिच्याच साहाय्याने कर्नाटक शासनाने २०२२ साली मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम सुरू करून सरकारी रुग्णालयांत मेंदू-चिकित्सालये उघडण्यास आरंभ केला. हे स्वागतार्ह आहे. पण म्हैसूरजवळ स्वतःचे असे जे धन आहे, त्याचा या संदर्भात फारसा उल्लेख होत नाही. मानसगंगोत्री परिसरात १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. बहिऱ्या-मुक्या मुलांची संस्था अशी तिची लोकांतील ख्याती. प्रत्यक्षात प्रौढांच्या व वृद्धांच्या भाषाविकारांकडेही तेथे लक्ष पुरविले जाते. त्याच परिसरात १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही संस्था आहे. मराठीसह भारतीय भाषांच्या अध्ययनाचे काम ती करते. वाचेचे शास्त्र आणि भाषेचे शास्त्र असे हाकेच्या अंतरावर नांदणारी गावे देशात फार नसतील.

याचे महत्त्व असे. वाढत्या वाचाघातावर गेलेली भाषा परत आणणारे औषध आज नाही. परंतु वाचा-उपचारतज्ज्ञ पुष्कळ काही करू शकतो. रुग्णाला बोलता येत आहे तोवर त्याच्याच आवाजात रोजची वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात. घरातील माणसे, दुकाने, औषधे, आवडते पदार्थ यांच्या छायाचित्रांची वही करून ती खिशात ठेवता येते. मुख्य म्हणजे पत्नीला, मुलांना, भावाला शिकवता येते की प्रश्न लहान करावा, उत्तराला वेळ द्यावा, अडलेला शब्द लगेच पुरवू नये, आणि 'हो' किंवा 'नाही' एवढ्यानेही उत्तर देता येईल असे विचारावे. ही शिकवणी जितकी लवकर मिळेल, तितका तिचा उपयोग अधिक. पक्षाघात झालेल्याला रुग्णालयातूनच वाचा-उपचाराकडे धाडण्याची पद्धत आता रूढ होत आहे. अकाली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही निदानाच्या दिवशीच तशी चिठ्ठी मिळावी, ही मागणी अवास्तव नाही.

पण कोणत्या भाषेत? म्हैसूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबातील माणूस घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलतो. रोगाने त्यातील कोणती आधी खाल्ली, हे तीनही तपासल्याखेरीज कळत नाही. केवळ कन्नडमध्ये घेतलेल्या चाचणीत तो आहे त्याहून अधिक आजारी ठरू शकतो, आणि केवळ मराठीत घेतली तर त्याची कचेरीतील खरी अडचण झाकलेली राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बुद्धिपरीक्षेची जी साधने सिद्ध केली, ती आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत होती. त्या पहिल्या पंक्तीत मराठीला पान नव्हते. बहुभाषिकता हे ओझे नसून संरक्षणही असू शकते, हे येथे नमूद केले पाहिजे. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी व त्यांचे सहकारी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवून दिले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरीने साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. निरक्षरांतही हा फरक आढळला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हे. साडेचार वर्षे म्हणजे पन्नाशीच्या कमावत्या माणसाच्या बाबतीत मुलीचे शिक्षण पूर्ण होण्याइतका काळ.

घरातील सोयी साध्या असतात, पण त्या कोणी तरी सांगाव्या लागतात. ज्याच्या दृष्टीचा अर्थ हरपला आहे, त्याला पांढऱ्या ताटातील पांढरा भात दिसत नाही; ताट रंगीत घेतले की तो आपल्या हाताने जेवतो. दारातील काळे पायपुसणे त्याला खड्ड्यासारखे भासते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर पिवळी पट्टी ओढली की पडण्याचे भय कमी होते. ज्याचे तारतम्य गेले आहे, त्याच्या हाती मोठ्या रकमेचे खाते आणि भ्रमणध्वनीवरून पैसे धाडण्याची सोय ठेवू नये. थोडे पैसे मात्र खिशात असावेत, कारण रिकामा खिसा त्याला कळतो व बोचतो. आणि या रुग्णाचे शरीर धडधाकट असते, ही गोष्ट वृद्धाश्रमाची योजना सुचविणारे विसरतात. ऐंशीच्या घरातील माणसांत त्याला दिवसभर बसवून ठेवणे म्हणजे त्याच्या अस्वस्थतेला खतपाणी घालणे होय. त्याला चालणे हवे, अंगमेहनत हवी. सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सोबत्याबरोबर कुक्करहळ्ळी तळ्याकाठी एक फेरी मारली तर दुपारचा त्रागा उणावू शकतो, आणि त्यासाठी वैद्य लागत नाही.

सोबती कोठून आणावा, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे एक उत्तर गोव्यात सापडते. तेथील दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग करण्यात आला व २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉक्टर नव्हेत, परिचारिकाही नव्हेत, तर थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक गृहसल्लागार सहा महिने नियमाने घरी जात, रोगाची माहिती देत, वर्तनाच्या अडचणींवर उपाय सुचवीत, आणि शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेत. ज्या घरांत ते गेले, तेथील शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले व रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा ताप उणावला. प्रयोग वृद्धांच्या घरांतला होता, हे खरे. पण कर्त्या वयातील रुग्णाच्या घरी अशा माणसाची गरज अधिकच आहे, कारण तेथे शुश्रूषा करणारी पत्नी बहुधा आता एकटीच कमावती असते.

विरळ रोगासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०२१ साली काढलेल्या अंदाजानुसार ३० ते ६४ वयाच्या दर लाख माणसांत ११९ जणांना अकाली स्मृतिभ्रंश असतो. म्हैसूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होती. त्यात या वयाची माणसे १२ लाख धरली, तर रुग्णांची संख्या १,४०० च्या आसपास येते. हा केवळ ढोबळ हिशेब आहे, कारण मूळ आकडे बव्हंशी श्रीमंत देशांतले आहेत. खरा आकडा हवा असेल, तर नोंदवही ठेवली पाहिजे. आणि नोंदवहीचे मोल म्हैसूरला कोणी शिकविण्याची गरज नाही. येथील होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून नवजात अर्भकांचे वजन, लांबी व डोक्याचा घेर टिपून ठेवण्यात आले. त्या वह्यांच्या आधारे अनेक दशकांनंतर त्याच माणसांच्या हृदयाचा, आणि पुढे उतारवयातील बुद्धीचाही अभ्यास करता आला. लिहिणाऱ्या परिचारिकांना याची कल्पनाही नसेल.

नोंद ठेवताना एक काळजी मात्र घ्यावी लागेल. पन्नाशीत स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे सारेच स्मृतिभ्रंश नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कंठस्थ ग्रंथीची मंदता, उपदंश, काही मेंदूदाह, नैराश्य, मद्य यांमुळेही बुद्धी झाकोळते, आणि यांतील पुष्कळ कारणांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत तर ब-१२ ची तपासणी वगळणे अक्षम्य होय.

काही थोड्या कुटुंबांत हा रोग आनुवंशिक असतो. तशा घरात आई किंवा वडील रुग्ण असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तसे नसते, आणि ही गोष्ट मुलांना स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे, कारण ती स्वतःहून विचारीत नाहीत. जेथे आनुवंशिकता आहे, तेथे समुपदेशनावाचून रक्ततपासणी करू नये, आणि अठरा वर्षांखालील निरोगी मुलाचे भविष्य तपासू नये, असा जगभरचा संकेत आहे. मोठे झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.

शाळेचा संबंध येथे येतो. नववीतील एखादा मुलगा गृहपाठ आणीत नाही, शुल्क थकते, पालकसभेला कोणी येत नाही, किंवा वडील येतात आणि असे काही बोलतात की वर्ग हसतो. त्या मुलाला घरी वडिलांना न्हाऊ घालावे लागत असेल, ही शक्यता शिक्षकाच्या मनात यावी. त्याने मुलाला एकांतात विचारावे, शुल्काची सवलत मिळवून द्यावी, आणि वर्गाला न सांगण्याचे वचन पाळावे.

लंडनमध्ये विरळ स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक प्रकारासाठी कुटुंबांचे निराळे आधारगट चालतात. ज्याची भाषा गेली त्याच्या पत्नीला, ज्याचा स्वभाव गेला त्याच्या पत्नीचे अनुभव पुरेसे पडत नाहीत, हे तेथे ओळखले गेले आहे. भारतात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी झटणारी संस्था १९९२ पासून केरळातून काम करीत आली आहे. म्हैसूरसारख्या शहरात आरंभी सर्व प्रकारांची मिळून दहा-बारा कुटुंबे जमली तरी पुरे. त्यांना लागते ती एक खोली, महिन्यातून एक रविवार, आणि रुग्णांना त्या दोन तासांत बाहेर फिरवून आणणारे दोन स्वयंसेवक. सार्वजनिक वाचनालयाजवळ बहुधा अशी खोली असते, आणि रविवारी दुपारी ती रिकामीच असते. ग्रंथपालाने फलकावर सूचना लावताना 'स्मृतिभ्रंश' या शब्दाशेजारी 'चाळीस ते पासष्ट' हे आकडे ठळक लिहावेत.